ऑलमोस्ट झालेली होडी

खाडीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात होड्या बांधणारा एक सुतार होता. हातात कला भारी, पण आळशी एक नंबरचा. शहरातल्या एका पाहुण्याकडून त्याला एक इंग्रजी शब्द मिळाला, ऑलमोस्ट. म्हणजे जवळजवळ. पाहुणा गेला, शब्द राहिला.

मग काय. कुणाच्या दाराला नुसता रंधा मारलेला असला, तरी दार ऑलमोस्ट बसलं. कुणाचा पलंग तीन पायांवर असला, तरी ऑलमोस्ट उभा. इंग्रजी ऐकून लोकही गप घरी जायचे.

गावच्या तांडेलाने, म्हणजे मच्छीमारांच्या म्होरक्याने, त्याला नवी होडी करायला दिली. सगळं झालं, फक्त तळाच्या एका फटीत कापूस ठासून राळ भरायची राहिली. तांडेल विचारायला आला तेव्हा सुतार पडल्या पडल्याच म्हणाला, "ऑलमोस्ट झाली की." तांडेलाला वाटलं, सकाळपर्यंत होईलच. त्याने ढोलवाले सांगून टाकले.

सकाळी अख्खं गाव काठावर. तिथली रीत अशी, की नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाताना बांधणाऱ्याच्या घरचं माणूस आत बसायचं. सुताराची म्हातारी आई लुगडं खोचून खुशीत चढून बसली पण.

सुताराचं तोंड पांढरं पडलं. फट उघडी आहे, एवढंच बोलायचं होतं. पण चारचौघांत लाज. तो स्वतःलाच म्हणाला, ऑलमोस्ट बंदच आहे ना ती.

होडी खोल पाण्यात पोचली आणि खाली गेली. ढोल थांबले. म्हातारी दिसेना.

तांडेलाने उडी मारून तिला बाहेर काढलं, वैद्याच्या घरात नेलं. दार लागलं. सुतार बाहेरच राहिला.

वैद्य बाहेर आला. सुताराने विचारलं, "बुवा, आई वाचली?"

वैद्य म्हणाला, "ऑलमोस्ट."

सुतार मटकन खाली बसला. जवळजवळ वाचलेलं माणूस म्हणजे गेलेलं माणूस, हे त्याला तिथे कळलं. त्याने असा हंबरडा फोडला की ढोलवालेही रडायला लागले.

तेवढ्यात आतून आवाज आला. "गप रे मेल्या, चहा पितेय मी. बुवांना मीच तसं बोलायला लावलं. आता होडी वर काढ, फट भर. आणि उद्या तू बसायचंस आत."

सुताराने ती फट भरली. मग बाकीच्या सगळ्या फटीही पुन्हा भरल्या.

तात्पर्य: जवळजवळ झालेलं काम म्हणजे राहिलेलं काम. तसं तोंडाने सांगा, आणि आई होडीत चढायच्या आधी सांगा.