राणीच्या हाताची दोरी

भर दरबारात राणी रडली नाही, आणि राजा प्रतापभान खवळला.

राणी म्हणजे लाकडाची. केरोबा कळसूत्रीवाल्याची बाहुली, हातभर उंच, डोळे टपोरे, अंगावर जरीचा परकर. खेळ मात्र खुद्द महाराजांनी लिहिलेला होता. हिरडगडच्या या राजाला तलवारीपेक्षा लेखणीचा नाद मोठा, आणि त्या लेखणीला राणीला रडवण्याचा नाद त्याहून मोठा. राक्षस आला की राणी रडे. राक्षस गेला की राणी रडे. वीर वेळेवर पोचला तर आनंदाने रडे, त्याला उशीर झाला तर उगाचच. दरबारी मंडळी वाहवा करत. पगार महाराजच देत होते ना!

त्या दिवशी केरोबाचा खांदा धरला होता, म्हणून राणीची दोरी त्याची लेक भिवरा हिच्या हातात होती. राक्षस डोळे वटारत पुढे आला आणि गडगडाटी हसला. आता राणीने मुठीतला रुमाल डोळ्यांना लावायचा. पण ती आपली ढिम्म उभी! आणि पडद्यामागून राणीच्या आवाजात भिवरा म्हणाली, "एवढं वरडू नगंस बाबा, घसा बसंल."

सगळा दरबार फिस्सकन हसला. चिकाच्या पडद्याआड बसलेल्या खऱ्या राणीसाहेब तर इतक्या हसल्या की बांगड्यांची किणकिण बाहेर ऐकू आली. महाराजांना ती बरोब्बर ऐकू गेली.

"कोण ते? पुढे ये!"

भिवरा पुढे आली. मागोमाग हात जोडत केरोबा आला.

"राणी रडते असं मी लिहिलंय. का रडली नाही ती?"

"महाराज, राक्षस येकटा. त्यात पोट सुटल्याला. रडन्यासारखं मला काय दिसंना."

"पोरी, तोंड आवर," केरोबा कुजबुजला.

"अगं, बाई रडते आणि पुरुष लढतो, ही गोष्टीची रीतच आहे," महाराज म्हणाले. "तुझ्या पणज्याने बाहुल्यासुद्धा तशाच घडवल्यात." त्यांनी राणी उचलली आणि तिच्या हाताची दोरी ओढली. रुमाल थेट डोळ्यांशी गेला. "बघ. हिच्या हाताला दोरी एकच, आणि हात जातो तो डोळ्यांकडेच. हिचं लाकूडच रडकं!" मग वीराची दोरी ओढली. तलवार झपकन वर गेली. "आणि याचं लाकूड शूर."

भिवराने ठाम नकारार्थी मान हलवली. ते महाराजांना जास्तच झोंबलं.

"उद्या याच राणीने राक्षसाला मारायचं, आणि याच वीराने रडायचं. दोरी वाढवायची नाही, तोडायची नाही, एकही गाठ सुटता कामा नये. नाही जमलं, तर तुमच्या सगळ्या बाहुल्या माझ्या न्हाणीघराच्या चुलीत जातील."

केरोबाने दोन्ही बाहुल्या उचलून छातीशी धरल्या. भिवराच्या पणज्याने कोरलेल्या त्या बाहुल्यांवरच घर चालत होतं. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं. घरी जाताना वाटेत त्याला रडू आवरेना. त्याने उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं, आणि भिवरा वाटेतच थांबली.

"आबा, परत येकदा करा बरं तसं."

"काय करू?"

"रडा. हात कसा वर जातो ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी एकेक गाठ चाचपून पाहिली आणि मान डोलावली. खेळ सुरू झाला. राक्षस आला, गरजला, राणीच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. राणीचा हात उठला, नेहमीसारखाच डोळ्यांकडे. पण मुठीत आज रुमाल नव्हता, वीराची तलवार होती! खुंटीवर नुसतं टेकवलेलं राक्षसाचं मुंडकं खळ्ळकन उडालं आणि गडगडत महाराजांच्या पायाशी येऊन थांबलं.

मग वीर आला. नेहमीप्रमाणे उशिराच. त्याने मेलेला राक्षस पाहिला आणि हात उचलला. राणीचा रुमाल त्याच्या मुठीत होता, तो बरोबर डोळ्यांना लागला. पडद्यामागून केरोबाने गळा काढला, "आता मी काय करू गंऽऽ?"

हसून हसून दरबारी एकमेकांच्या अंगावर पडले.

"बंद करा! दोऱ्या बदलल्यात," महाराज ओरडले.

"नाही महाराज," दिवाणजी म्हणाले. "मी स्वतः पाहिल्यात."

"पण वीर असा मुळूमुळू रडतो होय कधी?"

चिकाआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "पाखऱ्या घोडा गेला, तेव्हा माझा पदर कोणी भिजवला होता?"

महाराजांचे कान लाल झाले. दरबारात एकदम सगळ्यांना आपापले जोडे पाहण्यासारखे वाटू लागले. पाखऱ्यावर महाराजांचा जीव होता, हे गडावर सगळ्यांना ठाऊक होतं.

भिवरा दोन्ही बाहुल्या घेऊन पुढे आली.

"महाराज, दोघांची दोरी येकच, हातबी तसाच उठतो. रुमाल दिला की रडतो, तलवार दिली की मारतो. मुठीत काय द्यायचं ते गोष्ट लिवनारा ठरवतो. मग लाकडाला कशाला बोल लावता?"

महाराजांनी पायाशी पडलेल्या मुंडक्याकडे पाहिलं. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते खो खो हसत सुटले.

"जिंकलीस पोरी! काय हवं ते माग."

"राणीला पाय पायजेत."

"पाय?"

भिवराने बाहुलीचा परकर वर उचलला. खाली नुसती हवा होती.

"आजवर हिला राक्षसानं पळवायचं, वीरानं उचलून आनायचं. चालायची येळच आली न्हाई, म्हनून कुनी पायच केलं न्हाईत."

महाराजांना हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी वीराच्या मुठीतला रुमाल काढून घेतला आणि त्यानेच डोळे पुसले. राजबागेतला सागवानाचा ओंडका त्याच दुपारी केरोबाच्या दारात पडला. शिवाय पुढचा खेळ भिवराने रचावा, असा हुकूम झाला.

"फक्त एक सांग," महाराज हळूच म्हणाले. "त्यात राजा वेळेवर पोचतो ना?"

"बघू," भिवरा म्हणाली. "राणीला त्याची गरज लागली तर."

आणि चिकाआडून पुन्हा बांगड्या किणकिणल्या. या वेळी महाराज राणीसाहेबांच्याही आधी हसले.