पानमळ्यातील कडू काढा

फार पूर्वी कुसुमावती नगरीत राजा महासेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पानमळेकऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुजात.

पानमळेकऱ्यांचा एक कडक नियम होता. मळ्यात अनवाणी जायचे आणि कडू वस्तू आत न्यायची नाही. नेली तर पान कडू होते, असा समज होता. कारले खाल्लेला माणूससुद्धा चूळ भरून मगच आत जाई. नियम मोडणाऱ्याच्या वेली पंच उपटून टाकत.

एका वर्षी पावसाने उसंतच दिली नाही. मुळांना बुरशी लागली आणि उभ्या वेली माना टाकू लागल्या. दारुहळदीचे कडू मूळ ओल्या रानातही कुजत नाही, हे सुजातने पाहिले होते. त्या कडूपणातच बुरशी मारणारे काहीतरी असणार, असे त्याच्या मनाने घेतले. मुळाचा काढा करून त्याने तो गुपचूप आपल्या वेलींना घातला. पहिला काढा इतका जहाल निघाला की वेलींची एक ओळ जळून गेली. मग त्याने भरपूर पाणी मिसळले, आणि वेलींचे मरणे थांबले.

कुंपणापलीकडे उग्रकाचा मळा मरत होता. दोघांचे बांधावरून वैर होते. एकट्या सुजातचा मळा हिरवा पाहून राजवाड्याला पाने पुरवणारा व्यापारी काय ते समजला.

"चार दिवस तोंड मिटून बस," तो म्हणाला. "मग राजवाड्यात पानं जातील ती तुझीच."

मोह सुजातलाही झाला, खोटे कशाला सांगायचे. बोलले तर स्वतःचा मळा जाणार होता. गप्प बसले तर उग्रकाची मुले उपाशी राहणार होती. त्याने काढ्याची घागर उचलली आणि तो उग्रकाच्या मळ्याकडे निघाला.

उग्रक कोयता घेऊन आपल्या मळ्याच्या दारात आडवा उभा राहिला. काढ्याच्या वासाने त्याचे डोके फिरले. गलका ऐकून पंचही धावत आले.

"पाऊल टाकलंस तर मान उडवीन. माझा मळा नासवायला आलास?" उग्रक गरजला.

"हाच काढा मी माझ्या वेलींना घातलाय," सुजात सर्वांदेखत म्हणाला. "माझं पान चावून बघ. कडू लागलं तर माझा मळा तुझ्या हातांनी उपट."

उग्रकाने कुंपणापलीकडे हात घालून सुजातच्या वेलीचे एक पान तोडले आणि तोंडात टाकले. काढा घातल्यापासून भीतीने सुजातने स्वतः एकही पान चाखले नव्हते. उग्रक बराच वेळ चावत राहिला. मग त्याने कोयता खाली ठेवला.

"पाणी किती मिसळायचं?" त्याने विचारले.

पंचांनी त्या नियमाचे नावही पुन्हा कधी काढले नाही. उग्रकाच्या निम्म्या वेली वाचल्या.

एवढे सांगून तथागत म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा उग्रक म्हणजे विहारात तापाने पडलेला पुण्णक. व्यापारी म्हणजे त्याच्याशी अबोला धरून, तापावरचे औषध ठाऊक असूनही गप्प राहिलेला सोणुत्तर. सुजात मीच होतो. त्या दिवशी जी पाळली, ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीच्या सद्गुणाची पूर्णता."

सोणुत्तर तोवर औषध घेऊन पुण्णकाच्या कुटीकडे निघालाही होता.