खांद्यावरची शाळा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्याकडं पाटी म्हटलं की लोकांना डोक्यावरची शेणाची पाटी आठवायची, लिहायची नव्हे, त्या काळात तांबडी नदीच्या दोन काठांवर दोन वाड्या होत्या. अलीकडं ऐनवाडी, पलीकडं धामणवाडी. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी. पावसाळ्याचे चार महिने मात्र पलीकडं जायची कुणाची टाप नव्हती. दोन्ही वाड्यांत सोयरिकी होत्या आणि भांडणंही होती.

अशात सरकारनं दोन्ही वाड्यांना मिळून एक शाळा मंजूर केली. एकच. झालं, तंटा सुरू. ऐनवाडी म्हणे आमच्याकडं देऊळ आहे, धामणवाडी म्हणे आमच्याकडं पार आहे. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांनी बरंच ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं, "शिमग्यापर्यंत जागा ठरवा, नाहीतर शाळा खालच्या बाजारगावाला जाईल." बाजारगाव चार कोसांवर. तिथं वाड्यांतलं एकही पोर पोचलं नसतं.

ऐनवाडीत धाकू सुतार राहायचा. मुलाची मुलगी त्याच्याजवळ होती. लेक गोजरा पलीकडच्या धामणवाडीत दिलेली, तिलाही एक तान्ही मुलगी. बैठकीत धाकू उठला.

"एक नात हितं, एक नात तितं. साळा कुठंबी बांधा, पावसाळ्यात माजी एक नात साळंबाहेरच ऱ्हाणार."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"साळा उचलून न्यायची. एक पावसाळा हितं, एक पावसाळा तितं."

लोक पोट धरधरून हसले. धाकू काही हसला नाही. तो घरी गेला आणि हत्यारांना धार लावायला बसला.

असं म्हणतात, त्यानं एकही खिळा न वापरता शाळा उभी केली. खांब, तुळया, वाशे, सगळं खोबणीत बसायचं आणि खुंटी ठोकली की घट्ट व्हायचं. असंही म्हणतात की लाकूड कानाशी धरलं की ते आपली जागा धाकूला सांगायचं. इतरांना ते काहीच सांगायचं नाही. त्यामुळं पहिल्यांदा शाळा पलीकडं नेली तेव्हा लोकांनी ती अशी काही जोडली की दार गोठ्याकडं गेलं आणि शिवदे मास्तरांना वर्गात रांगत शिरावं लागलं. धाकूला सगळं उतरवून पुन्हा एकट्यानं जोडावं लागलं.

मास्तर म्हणाले, "धाकोबा, प्रत्येक लाकडावर एकेक अक्षर घाला. म्हणजे कुठलं कुठं जातं ते सगळ्यांना कळेल."

धाकूला अक्षर ओळखू यायचं नाही. मास्तरांनी खडूनं काढायचं आणि त्यानं पटाशीनं कोरायचं, असं ठरलं. कोरता कोरता त्यानं लाजत विचारलं, "मास्तर, यात माजं कंचं?"

मास्तरांनी 'ध' काढून दाखवला. धाकू त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला. मग तो त्यानं आढ्यावर कोरला. आढं म्हणजे छपराच्या मधोमधचं लाकूड, सगळे वाशे त्यालाच टेकतात.

तेव्हापासून एकेका घराला एकेक अक्षर वाटून दिलं. ज्येष्ठ लागला की नदीत नुसता गलका. "अगं, ग कुठाय ग?" "त्यो म्होरं गेला, तुजा घ आण!" ज्या बायांनी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता, त्यांनाही खांद्यावरचं अक्षर येऊ लागलं, मग शेजारणीच्या खांद्यावरचं.

दहा वर्षं शाळा अशी इकडून तिकडं गेली. अकराव्या वर्षी ती धामणवाडीला न्यायची होती, आणि दोनच दिवसांत दिपोटीसाहेब तपासणीला यायचे होते. शाळा उभी दिसली नाही तर कायमची बंद, असा त्यांचा निरोप होता. आभाळ स्वच्छ होतं. पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता, आणि सगळी शाळा भर पात्रात असताना लोंढा आला. लोकांनी हातातलं टाकून काठ गाठला. माणसं वाचली, लाकडं वाहायला लागली.

आढं उचलायला एरवी चार गडी लागत. तिघं पळाले. म्हातारा धाकू एकटाच थोडा खालच्या अंगाला राहिला. त्यानं आढं दोन खडकांमध्ये आडवं अडकवलं आणि छातीनं दाबून धरलं.

गोजरा काठावरून ओरडली, "बाबा, सोडा ते! या भाईर!"

"तुज्या पोरीची साळा वाहून चाललीय, गोजरे! दोर टाका!"

असं म्हणतात, लाकडं आढ्याशी ओळीनं आली. आधी अ, मग आ, मग इ. आणि ज्याला वाचता येत नाही असं सगळे समजत होते तो धाकू एकेकाचं नाव घेऊन पुकारत होता. ज्याचं अक्षर आलं तो दोर टाकून ओढून घेत होता. शेवटचा ज्ञ काठाला लागला, आणि आढं निसटलं. आढ्याबरोबर धाकूही गेला. लोकांनी आठ कोस नदी धुंडाळली. ना आढं मिळालं, ना धाकू.

दिपोटीसाहेब आले तेव्हा शाळा उभी होती. आढ्यावाचून. काही जण म्हणतात, वाशे आपोआप एकमेकांना टेकून राहिले होते. मला विचाराल तर माझी पणजी सांगायची तेच खरं. दोन्ही वाड्यांचे बापये आत रांगेनं उभे राहून दिवसभर वाशे धरून होते, आणि त्यांच्या पायांशी पोरं पाढे म्हणत होती. एका छपराखाली त्या दोन वाड्या त्यापूर्वी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. साहेबांनी वर पाहिलं, डोळे पुसले आणि शेऱ्यात लिहिलं, शाळा भक्कम आहे.

आता नदीवर पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी सिमेंटची शाळा. जुनी अक्षरांची लाकडं वर्गाच्या भिंतीवर ओळीनं लावली आहेत. द आणि न यांच्यामध्ये एका लाकडाची जागा मोकळी सोडली आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी दोन्ही वाड्यांची पोरं पुलावर उभी राहून मुळाक्षरं म्हणतात. द म्हणून झाला की सगळी थांबतात, नदीकडं तोंड करतात आणि पाणी थरारेल एवढ्या आवाजात म्हणतात, "ध धाकूबाबाचा!"

मागं एक नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर चित्र काढून शिकवलं, ध धनुष्याचा. पहिलीतली एक पोरगी उठून म्हणाली, "न्हाई बाई, धाकूबाबाचा."

बाई हसल्या. "तू पाहिलास का गं धाकूबाबा?"

पोरीनं भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं बोट केलं. "त्यो आला न्हाई अजून. पर जागा त्याचीच हाय."

बाईंनी फळ्यावरचं धनुष्य पुसून टाकलं.