सात दिवाळ्यांचा रंग

हत्यारं माणसांच्या पाठीमागे गप्पा मारायची ना, तेव्हाची गोष्ट. कुमुदकाकूंच्या घरात एक सागवानी खिडकी होती, आणि स्वतःच्या रंगावर भलतीच खूश! दर दिवाळीला तिला हिरवा ऑइलपेंट मिळायचा. पण उघडून रंगवायला वेळ कुणाला? बंद खिडकीवरच ब्रश फिरायचा. अशा सात दिवाळ्या गेल्या आणि तिच्या झडपा चौकटीला पक्क्या चिकटल्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात एसी बिघडला आणि काकूंचा जीव गुदमरायला लागला. सुतार शिवराम आला. त्याने जोर लावून बघितला.

"काकू, चहा पिऊन एकदा हातोडी मारून बघतो. नाहीच उघडली तर उखडून टाकू, काचेची सरकती बसवू."

हत्यारांची पिशवी खिडकीखाली ठेवून तो आत गेला, तशी खिडकी रडकुंडीला आली.

"मी दणका घातला तर फुटशील गं," हातोडी म्हणाली.

"मी फटीतून हळूहळू कापत जाते," लांबी-पुट्टी भरायची पातळ पत्ती म्हणाली. "पण कडेचा रंग निघणार हं."

"रंग नको ना! तेवढाच तर लोक बघतात."

"लोक भिंतीचाही रंग बघतात, ताई. तू आता भिंतच झालीयेस की!"

खिडकी हळूच म्हणाली, "चल, घे कापायला."

शिवराम परतला तेव्हा पिशवीत पत्ती मुद्दाम सगळ्यात वर येऊन बसली होती. त्याने तीच उचलली. रंगाच्या सालपटांचा ढीग पडला, तळव्याने एक धक्का दिला, आणि करकरत झडपा उघडल्या!

काकूंनी चौकटीवर कोपरं टेकून समोरच्या शेजारणीला हाक मारली. "अहो मालतीबाई! किती वर्षांनी दिसताय हो!"

खिडकीला आपले ओरखडे बघायला सवडच नव्हती. वारा आत येत होता.