शेगडीमागचं पिल्लू

कान जरा जवळ आणा. आवाज अगदी बारीक आहे.

चूं.

ऐकलात? शेगडीच्या मागून आला.

एक होती उंदरीण. तिचं नाव चिमी. तिला एकच पिल्लू, शेंगदाण्याएवढं. सकाळी रेवाच्या आईने ओटा पुसायला विजेची शेगडी पुढे ओढली. पिल्लू पळालं शेगडीमागे, भाकरीचा तुकडा शोधायला. आईला काय माहीत? तिने शेगडी पुन्हा कोपऱ्यात सरकवली, पिन लावली, बटण लावलं, तवा ठेवला आणि भाकऱ्या थापायला लागली.

इकडे भिंत. तिकडे भिंत. पुढे गरमगरम शेगडी. पिल्लू अडकलं.

चूं, म्हणालं पिल्लू. म्हणजे, आई, ये ना.

चिमीने कान टवकारले. पिल्लू ऐकू येत होतं, पण दिसत नव्हतं.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली शेगडीकडे.

"शेगडीताई, शेगडीताई, बाजूला सर.
माझं पिल्लू मला भेटेना."

शेगडी म्हणाली, "मी नाही सरणार. वायरने मला ताणून धरलंय. आधी वायरला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली वायरकडे.

"वायरबाई, वायरबाई, सैल हो.
शेगडी बाजूला सरेना,
माझं पिल्लू मला भेटेना."

वायर म्हणाली, "मी नाही होणार. आधी पिनेला सांग."

चिमीने दात दाखवले. कुरतडू का, विचारलं. वायर घाबरली. "नको गं बाई. माझ्या पोटात वीज आहे. मला चावायचं नाही, मला ओढायचं नाही."

चूं, म्हणालं पिल्लू.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली पिनेकडे.

"पिनताई, पिनताई, बाहेर ये.
वायर सैल होईना,
शेगडी बाजूला सरेना,
माझं पिल्लू मला भेटेना."

पिन म्हणाली, "मी नाही येणार. बटण चालू आहे. आधी बटणाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली बटणाकडे.

"बटणदादा, बटणदादा, बंद हो.
पिन बाहेर येईना,
वायर सैल होईना,
शेगडी बाजूला सरेना,
माझं पिल्लू मला भेटेना."

बटण म्हणालं, "मी नाही होणार. मला मोठ्या माणसाचा हात लागतो, तोही कोरडा. आधी आईला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली आईकडे.

"आई, आई, बटण दाब.
बटण बंद होईना,
पिन बाहेर येईना,
वायर सैल होईना,
शेगडी बाजूला सरेना,
माझं पिल्लू मला भेटेना."

आई म्हणाली, "मी नाही दाबणार. भाकरीला पाणी लावलंय, माझे हात ओले. पदरही ओला. ओला हात बटणाला लावायचा नसतो. आधी पंच्याला सांग."

चूं, म्हणालं पिल्लू. आवाज आणखी बारीक झाला होता.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली पंच्याकडे.

"पंच्या, पंच्या, हात पूस.
आई बटण दाबेना,
बटण बंद होईना,
पिन बाहेर येईना,
वायर सैल होईना,
शेगडी बाजूला सरेना,
माझं पिल्लू मला भेटेना."

पंचा म्हणाला, "मी नाही पुसणार. मी बाहुलीचं पांघरूण झालोय. आधी रेवाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमी गेली रेवाकडे.

"रेवा, रेवा, पंचा दे.
पंचा हात पुसेना,
आई बटण दाबेना,
बटण बंद होईना,
पिन बाहेर येईना,
वायर सैल होईना,
शेगडी बाजूला सरेना,
माझं पिल्लू मला भेटेना."

रेवा म्हणाली, "मी नाही देणार. माझी बाहुली आत्ताच झोपलीय."

चिमी बाहुलीच्या पायाशी गेली. तिथेच बसून राहिली.

चूं.

रेवाने ऐकलं. रेवाला तो आवाज कळला. तिची आई रोज कामावर जाते. रेवा रोज खिडकीत बसते आणि संध्याकाळची वाट बघते. आज सुट्टी, म्हणून आई घरी. वाट बघताना कसं वाटतं, ते रेवाला पक्कं ठाऊक होतं.

"त्याला आई हवीय," रेवा म्हणाली.

मग काय झालं?

रेवाने बाहुली उचलली,
पंचा आईला दिला,
पंच्याने हात पुसले, खसाखसा,
आईने बटण दाबलं, टक,
बटण बंद झालं,
आईने वायर नाही ओढली, पिनच धरली, खट्,
पिन बाहेर आली,
वायर सैल झाली,
आणि शेगडी?

शेगडी म्हणाली, "मी अजून गरम आहे. थोडं थांबा."

थांबायचं? आता? हो, थांबायचं. आईने तवा उतरवला. शेवटच्या पिठाची चानकी, म्हणजे इवली भाकरी, ताटलीत ठेवली. रेवा लांब बसली. चिमी तिच्या शेजारी बसली.

चूं, म्हणालं पिल्लू.

"येते रे राजा, येते," म्हणाली चिमी.

शेगडी लाल होती. मग काळी झाली. मग कोमट. मग गार.

सर्रर्र, शेगडी बाजूला सरली.

पिल्लू बाहेर आलं, धडपडत, पिठाने पांढरं होऊन. थेट चिमीच्या पोटाखाली शिरलं. आता चूं नाही, काही नाही.

आईने चानकीचा तुकडा मोडून बिळापाशी ठेवला. उरलेली चानकी रेवाची. रेवा आईच्या मांडीवर बसून खात होती. खाता खाता थांबली.

"आई, उद्या जाशील?"

"जाईन. संध्याकाळी येईन."

"मग मी खिडकीत चूं म्हणेन."

आईने तिला जवळ घेतलं. "म्हण हं. मी येतेच."