बाहेरची कडी

"आणि कडी?"

"कडी?"

"दाराला कडी असेल ना, मास्तर. आतून की बाहेरून?"

आठल्ये मास्तरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला. काचा स्वच्छच होत्या.

धुनीसमोर नकाशा पसरलेला होता. टेकडीवर वारा फार, म्हणून एका कोपऱ्यावर गिरीबुवांचा कमंडलू ठेवला होता आणि दुसऱ्यावर नदीतला गोटा. घराच्या मागच्या अंगाला नवी खोली काढायची होती, तिचा हा नकाशा. मास्तरांनी तो वर्गात समजावून सांगावा तसा सांगितला होता. खिडकी पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आत येईल. खोलीलाच लागून न्हाणीघर, भिंतीला धरायला दांडी. फरशी खरबरीत, म्हणजे पाय घसरायला नको. उशाशी घंटीचं बटण.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं होतं. चांगलं म्हटलं नव्हतं, नावंही ठेवली नव्हती. विचारलं ते एवढंच.

"बाहेरून," मास्तर म्हणाले.

बुवांनी धुनीतलं लाकूड जरा पुढं सारलं.

"त्याला कारण आहे, बुवा."

"असणारच. तुझ्याकडं कारणांचा तुटवडा कधी होता?"

मास्तर हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. सगळा जन्म त्यांनी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी ते ही टेकडी चढून गिरीबुवांच्या मठीत येत आणि पोटभर वाद घालून उतरत. बुवा त्यांना मास्तर म्हणत. एवढ्या पदव्या मिळवलेल्या माणसाला मास्तर! सुरुवातीला ते मास्तरांना लागायचं. पुढं सवय झाली.

आज मात्र ते वाद घालायला आले नव्हते. पायाचा पहिला दगड बुवांच्या हातून बसावा, एवढं मागायला आले होते. बुवांचा हात लागला की मग कोणी काही बोलणार नाही… कोणी म्हणजे कोण, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

अंगणातल्या चाफ्याखाली त्यांच्या पत्नी कुमुदताई बसल्या होत्या. गळलेली फुलं वेचून त्यांनी ती लहानमोठी पाहून ओळीनं मांडली, पुन्हा एकत्र केली आणि पुन्हा मांडायला घेतली. गेली काही वर्षं त्यांच्या मनातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी नावं गेली, मग वार गेले, मग स्वयंपाक गेला. खोली त्यांच्यासाठीच होती.

"निघून जाते हो ती," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "दिवेलागण झाली की उठते, चपला घालते आणि 'येते हं' म्हणून चालायला लागते. परवा रेल्वेच्या फाटकापाशी सापडली. गाडी यायची वेळ होती. तुम्हीच सांगा, मी काय रात्रंदिवस दारात बसू?"

"कुठं जाते?"

"घरी जाते म्हणते."

"घरातून?"

"हो."

"घरी?"

"… हो."

"कधीपासून हे?"

मास्तरांचा हात पुन्हा चष्म्याकडं गेला. "या आजारात होतं तसं. डॉक्टर म्हणाले, पुढं पुढं माणसाला आपलंच घर…"

"आजार विचारला नाही, मास्तर. कधीपासून, ते विचारलं."

मास्तर नकाशाची कड बोटानं सपाट करू लागले. बुवांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यांनी कमंडलू उचलला, गोटा बाजूला सारला. कागद आपोआप गुंडाळला गेला.

"मला कागदातलं कळत नाही. इथं काढून दाखव." त्यांनी धुनीपुढची सारवलेली जागा दाखवली आणि राखेची पाटी पुढं सरकवली.

"राखेनं?"

"तुझा गवंडी कशानं आखतो?"

"फक्कीनं. पांढऱ्या फक्कीनं."

"मग ही माझी फक्की."

मास्तर वाकले. गुडघे कुरकुरले. पण फळ्यावर रेघा मारण्यात जन्म गेलेला हात तो, रेघा सरळ आल्या. चार भिंती झाल्या. खिडकीच्या जागी त्यांनी दोन बारीक रेघा ओढल्या, कोपऱ्यात न्हाणीघर दाखवलं आणि दारापुरती जागा मोकळी सोडली.

"झालं."

"आत बस."

मास्तर हसले. बुवा हसले नाहीत.

मग मास्तर दारातून आत गेले. आत जाताना त्यांनी पँटची टोकं उचलून धरली, राखेच्या भिंतीला धक्का नको म्हणून. मांडी घालून बसले. बुवांनी धुनीशेजारी रोवलेला लोखंडी चिमटा उपसला आणि दाराच्या मोकळ्या जागेत आडवा टाकला. खण्ण…

"लागली कडी," बुवा म्हणाले आणि जळणाच्या ढिगाकडं जाऊन कोयत्यानं ढलप्या काढू लागले.

मास्तरांना आधी गंमत वाटली. बुवांची शिकवायची ही तऱ्हा त्यांना ठाऊक होती. यातून काय काढायचं हेही त्यांच्या चटकन लक्षात आलं. असे दृष्टांत त्यांनी वर्गात किती सोडवून दाखवले होते!

"कळलं, बुवा," ते मोठ्यानं म्हणाले. "भिंत राखेची आहे, तसं माणसाचं बंधनही राखेचंच. मनानं मानलं तर आहे, नाही मानलं तर नाही."

"छान," बुवा म्हणाले. "बस."

मास्तर बसले.

खालच्या वाडीतली पारूबाई दुधाची चरवी घेऊन वर आली. मास्तरांना पाहून थबकली.

"अगं बाई! मास्तरांना शिक्षा केली की काय?"

"त्यांच्या भल्यासाठी आहे," बुवा ढलपी काढता काढता म्हणाले.

"असेल बाई." तिनं चरवी ओसरीवर ठेवली. परत जाताना राखेच्या रेघेला वळसा घातला आणि जरा लांब गेल्यावर लहान मुलाला सांगावं तशी मोठ्यानं म्हणाली, "बसा हं मास्तर! शहाण्यासारखे बसा!"

मास्तरांचे कान तापले. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. रोज सकाळी कुमुदताईंना औषधाची गोळी देताना ते हाच सूर लावत.

उन्हं उतरत चालली. वारा गार झाला तशी मास्तरांची चुळबुळ सुरू झाली. वय झालं की काही गोष्टी थांबत नाहीत.

"बुवा… जरा जाऊन येऊ का?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे… लघवीला."

"खोलीतच सोय केलीस ना? मघाशी दाखवलीस की. दांडीसकट."

मास्तरांनी उठायला टेकलेला हात मागं घेतला. इतक्या वर्षांत या गोष्टीसाठी कोणाला विचारावं लागलं नव्हतं, आणि विचारून नाही असं उत्तर तर कधीच मिळालं नव्हतं. राख ओलांडून गेले असते तर कोण अडवणार होतं? पण पाय उचलेना. गुरूचा शब्द मोडवत नाही म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते त्यांचं त्यांनाच पटेना…

चाफ्याखाली कुमुदताई उठल्या. पदर झटकला. सगळी फुलं पुन्हा जमिनीवर सांडली. त्यांनी चपला शोधून पायांत घातल्या आणि टेकडीच्या पायऱ्यांच्या दिशेनं निघाल्या. राखेच्या खोलीपाशी येऊन थांबल्या.

"अगबाई, आठल्येसाहेब! तुम्ही इथं?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"आणि कोंडून कोणी घातलं तुम्हाला? वहिनी नाहीत का घरात?"

बुवांचा कोयता थांबला.

"माय," ते म्हणाले, "तू यांची कोण?"

"मी?" परक्या माणसासमोर नीट उभं राहावं तसा कुमुदताईंनी पदर सारखा केला. "मी यांच्या शेजारची. साहेबांनीच नाही का सांगितलं त्या पाहुण्यांना? शेजारच्या आहेत, येतात अधूनमधून."

बुवांनी मास्तरांकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

दिवाळी होऊन गेली होती तेव्हा. व्याख्यानमालेची मंडळी अध्यक्षपदाचं बोलावणं घेऊन घरी आली होती. शाल, श्रीफळ, गोड गोड बोलणं. मास्तर रंगात आले होते. तेवढ्यात आतून कुमुदताई आल्या. केस मोकळे, अंगात मास्तरांचा जुना कोट, हातात ट्रे. ट्रेमधल्या बशांत कच्चे पोहे होते, कोरडे. प्रत्येक बशीत लिंबाची फोड मात्र कशी व्यवस्थित ठेवलेली! पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांच्यातल्या एकानं, अदबीनंच, विचारलं, "सर, या कोण?"

खऱ्याखोट्याची पारख शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला उत्तर द्यायला क्षणही लागला नाही.

कुमुदताई ट्रे धरून उभ्या राहिल्या. मास्तरांकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. मग ट्रे अलगद टेबलावर ठेवला. "येते हं," म्हणाल्या, आणि चपला घालून पुढच्या दारानं निघून गेल्या. रीतसर, शेजारच्या बाईनं जावं तशा.

पाहुणे गेल्यावर मास्तर धावत बाहेर आले, तेव्हा त्या शेजारच्या फाटकाशी उभ्या होत्या. फाटकाच्या कडीवर हात होता. आतल्या घराकडं पाहत होत्या आणि ते घर त्यांना ओळखीचं वाटत नव्हतं.

ती पहिली संध्याकाळ.

"बुवा," मास्तर म्हणाले, "त्यानंतर मी हिला हजारदा सांगितलंय. हे तुझंच घर आहे म्हणून. हात जोडून सांगितलंय… तिच्या ते ध्यानातच राहत नाही."

बुवांनी कोयता खाली ठेवला.

सगळं विसरलेल्या बाईच्या ध्यानात त्यांचं कोणतं एक वाक्य तेवढं राहिलं होतं, हे सांगायला तर्कशास्त्राची गरज नव्हती.

"बाहेर का येत नाही तुम्ही?" कुमुदताईंनी विचारलं.

"कडी लागलीय."

"कोणी लावली?"

मास्तरांनी बुवांकडं बोट दाखवलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं.

"मी," ते म्हणाले.

कुमुदताई खुदकन हसल्या. पूर्वी हसायच्या तशाच. "स्वतः आत बसून बाहेरची कडी कशी हो लावलीत? आणि म्हणे प्रोफेसर!"

त्या वाकल्या. चिमटा दोन्ही हातांनी उचलला आणि आवाज होऊ नये अशा बेतानं बाजूला ठेवला.

"या. दिवे लागायची वेळ झाली, एकटे कसले बसता? वहिनी येतील तेव्हा येतील. तोवर आमच्याकडं चला, चहा घ्या. आमचे हे जरा तापट आहेत हं, मधूनच चिडतात, मनाला लावून नका घेऊ. पण दारात आलेल्या माणसाला बाहेर नाही ठेवणार."

मास्तर उठले. एका पायाला मुंग्या आल्या होत्या. दारातूनच बाहेर आले.

कुमुदताई पायऱ्यांपर्यंत पोचल्यासुद्धा. तिथून मागं वळून म्हणाल्या, "चला की लवकर! ते वाट बघत असतील घरी."

मास्तर त्यांच्या मागं निघाले. चार पावलं जाऊन थांबले. नकाशाची सुरळी धुनीशेजारी तशीच पडली होती. ती उचलायला हात होईना, आणि टाकून जायचाही धीर होईना.

"बुवा…"

गिरीबुवा खराट्यानं राख ओढून पाटीत भरत होते. खिडकीची भिंत गेली होती, न्हाणीघर गेलं होतं.

"बुवा, खोलीचं काय करू?"

"खोलीचं मागाहून बघ, मास्तर," खराटा न थांबवता बुवा म्हणाले. "ती ज्याच्याकडं निघालीय, तो घरी आलाय का, ते आधी बघ."