काचेमागची वीस मिनिटं

"मग हसीनाच का?"

आवाज चढू नये म्हणून ऋजुताने खूप जपलं होतं. तरी तो चढलाच.

प्रमिलाबाई चष्मा पुसत राहिल्या. मिरजेच्या त्या बालमार्गदर्शन केंद्राच्या त्या प्रमुख; तिथे त्यांची तीस वर्षं गेली होती. उत्तराची घाई त्यांना कधीच नसे.

"माझी डॉक्टरेट आई-मुलांच्या याच उपचारावर आहे, बाई. हसीना काल-परवापर्यंत अंगणवाडीत होती. आणि केंद्रातली सगळ्यात अवघड केस तिला?"

"अवघड... कुणासाठी?"



केस रंजनाची होती. रागाच्या भरात तिने पाच वर्षांच्या तनुजाचा हात मोडला होता. तेव्हापासून मुलगी आत्याकडे होती. आई-लेकींना पुन्हा एकत्र राहू द्यायचं की नाही, ते बालकल्याण समिती पुढच्या आठवड्यात ठरवणार होती.

पण ऋजुताला सलत होतं ते निराळंच. गेल्या महिन्यात हसीनाकडच्या तीन घरांतून पेढे आले. ऋजुताकडची दोन कुटुंबं मधेच यायची बंद झाली. हसीनाने हातावर ठेवलेला पेढा तिने घेतला, पण तोंडात काही घातला नाही.

"आज हसीनाबरोबर काचेमागे बस," बाई म्हणाल्या. "काय पाहिलंस ते लिहून आण."

काच एकाच बाजूने आरपार दिसणारी होती. पलीकडे आई-लेक ठोकळे रचत होत्या. अलीकडच्या अंधारात हसीना माइकवर हळू आवाजात, लेकीचं कौतुक कुठे करायचं, काय बोलायचं ते सुचवत होती. ते रंजनाला कानातल्या यंत्रातून ऐकू जात होतं.

ऋजुता हसीनाच्या मागे बसली आणि वीस मिनिटं लिहीत राहिली. कौतुकाची जागा हुकली. लिहिलं. सूचना लांबली. लिहिलं. पुढे हसीना तब्बल दोन मिनिटं काहीच बोलली नाही. ऋजुताने त्याखाली दोनदा रेघ ओढली.

नंतर आपल्या खोलीत बाईंनी कागद वाचला.

"नऊ चुका. नवाच्या नऊ बरोबर टिपल्यास."

ऋजुताला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात हसीना आत आली. तिचे डोळे ओले होते. ती ऋजुताकडे वळली.

"मॅडम, तुम्ही होतात ते फार बरं झालं. तनुजा आपणहून आईच्या मांडीवर जाऊन बसली ना... तेव्हा रंजनाला रडू फुटलं. मला वाटलं, आता मधे बोलू नये. ते चुकलं का हो? तुम्हाला जास्त कळतं. आणि समितीच्या अहवालात तुमचंही निरीक्षण जोडायचंय. पोरीने मांडीवर बसायच्या आधी आईकडे पाहिलं होतं का? मला नीट दिसलं नाही."

ऋजुताने कागद पुन्हा वाचला.

दोन मिनिटं गप्प, असं तिथे लिहिलेलं होतं. मांडी नव्हती. रडणं नव्हतं. तनुजाचं नावसुद्धा नव्हतं.

"मी..."

हसीना थांबली. वाट पाहिली. मग म्हणाली, "असू दे. तुम्ही सावकाश सांगा. रंजना खाली एकटीच बसलीय." आणि गेली.



"बाई," ऋजुता शेवटी म्हणाली. आवाज आता अगदी खाली आला होता. "अशी केस... मला कधी देणार?"

प्रमिलाबाईंनी कागदाची घडी घातली आणि तो तिच्या हातात परत ठेवला.

"आज दिली होती."